मोफत शाळा, मोफत दवाखाना… पण बुडालेल्या मजुरीचं काय?

पाणंद (धागाकर्ती)

आम्ही कॉलेजपासूनचे काही मित्रमैत्रिणी मिळून एखाद्या संस्थेला नियमित मदत करायचं ठरवतोय. अट एवढीच की संस्था गरिबांसाठी शाळा, दवाखाना किंवा निराधारांचा सांभाळ यापैकी काहीतरी मोफत करणारी असावी. त्या निमित्ताने बऱ्याच ठिकाणी जाऊन आलो. विश्वस्तांशी बोललो, आणि बाहेर रांगेत बसलेल्या माणसांशीही बोललो. त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

फाटकावर 'येथे मोफत उपचार केले जातात' अशी पाटी असते. ती खरीच असते. केसपेपरला पैसे नाहीत, डॉक्टरची फी नाही. पण रांगेतल्या माणसाला विचारा, आज इथवर यायला काय पडलं? स्वतःची रोजी बुडाली. सोबत मुलगा आला, त्याची बुडाली. दोघांचं एसटीचं भाडं. दुपारचं खाणं. एखादं औषध नसलं तर बाहेरची चिठ्ठी. आणि 'रिपोर्ट परवा मिळेल' म्हटलं की हे सगळं पहिल्यापासून.

एका आजींजवळ बसले होते. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं त्यांनी पदराच्या गाठीत बांधून आणली होती. रोज एक घ्यायची गोळी त्या एक दिवसाआड घेत होत्या. गोळ्या फुकटच मिळतात, मग असं का, असं विचारलं. म्हणाल्या, "गोळ्या महिन्याच्याच देतात बाई. दर महिन्याला कोन आणंल मला?" आत संस्थेच्या नोंदवहीत त्या 'नियमित उपचार घेणाऱ्या रुग्ण' असणार.

शाळेचंही तेच. फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारी जेवणही मिळतं. तरी थोरली मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर, कारण आई कामावर गेली की धाकट्याला बघायला घरात दुसरं कोणी नाही.

माझं म्हणणं असं आहे की गरिबाच्या घरात शिक्षणाचे पैसे, औषधाचे पैसे आणि म्हाताऱ्यांच्या सांभाळाचे पैसे असे वेगवेगळे डबे नसतात. रोजच्या मजुरीचा एकच रुपया असतो. तो बापाच्या औषधाला गेला की मुलाची शाळा थांबते. म्हणून संस्थेने काय फुकट दिलं यापेक्षा ते घ्यायला आलेल्या माणसाला काय खर्चावं लागलं, हे संस्था मोजते की नाही, ते मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलंय.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखलं ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. खेड्यातल्या पोराला शाळेची फी माफ झाली तरी त्याने शहरात राहायचं कुठे आणि खायचं काय, हा खरा अडसर होता. पुढे गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहूंचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला जेवत, एकत्र कामं करत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. सही, शिक्के, अनुदान हे सगळं पुढचं. आधी भाकरीची सोय झाली.

तर तुम्ही संस्था कशी पारखता? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी जरूर लिहा. वादातल्या संस्थांची नावं कृपया नकोत, तो विषय वेगळा आहे.

गोदाकाठ

चांगला विषय. वाचतोय. आजींच्या गोळ्यांचं वाचून आत काहीतरी हललं.

ओसरी

पाणंद, अगदी मनातलं लिहिलंत. मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. इथे बऱ्याच जणांना उपयोग होईल म्हणून आधी नियमाचं सांगते, कारण लोक ज्याला दान समजून हात जोडतात तो महाराष्ट्रात त्यांचा हक्क आहे.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना २००६ पासून लागू आहे. त्यानुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा सध्या निर्धनांसाठी वर्षाला १,८०,००० रुपये आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये. या खर्चासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या खात्यात वेगळी ठेवायची. आम्ही बोलताना त्याला आयपीएफ म्हणतो. तातडीचा रुग्ण आला तर आधी दाखल करून घेऊन जीव वाचवणारे उपचार करायचे, कागद नंतर. या रुग्णांकडून अनामत रक्कम मागता येत नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. नातेवाईक माझ्या खिडकीशी येतो तेव्हा हातात कापडाच्या दुकानाची एक पिशवी असते. तिच्यात आधार, रेशनकार्ड, जुने केसपेपर, लाइटबिल, कधी लग्नपत्रिकासुद्धा. कुठला कागद लागेल ते ठाऊक नसतं, म्हणून घरातले सगळे कागद उचलून आणलेले असतात. पिवळं रेशनकार्ड असलं तर काम सोपं. केशरी असलं तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि त्याची मुदत बहुतेकदा ३१ मार्चला संपलेली असते. एप्रिल-मे महिन्यात माझ्यासमोर अशी माणसं फार येतात. पेशंट आत, आणि मुलगा दाखल्यासाठी परत गावी. जायला एक दिवस, तलाठ्याला गाठायला एक दिवस, सेतूत एक दिवस. तेवढ्यात आईजवळ कोणी नाही म्हणून बहिणीला सासरहून बोलावलेलं.

म्हणून माझी पारख साधी आहे. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाची खिडकी कुठे आहे ते बघा. दाराशी आहे, पाटी मराठीत आहे आणि माणूस जागेवर आहे, तर समजा त्यांना गरीब रुग्ण यायला हवाय. तिसऱ्या मजल्यावर लेखा विभागाच्या मागे असली तर मग काय ते समजा.

रानवारा

ओसरीताई, एक विचारू? खाटा शिल्लक आहेत की नाहीत हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? 'भरल्यात' म्हटलं की विषय संपतो.

ओसरी

धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयांची यादी आणि राखीव खाटांची माहिती असते. रुग्णालयातही ती दर्शनी भागात लावायची असते. नकार मिळाला तर लेखी मागा. 'लेखी द्या' म्हटल्यावर बऱ्याचदा खाट निघते, हा अनुभव आहे. तरी नाहीच झालं तर त्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करता येते. आणि आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का ते आधी आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडून, तपासून घ्या. तिथे आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे.

सडेतोड

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. सगळंच फुकट दिलं की त्याची किंमत राहत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आमच्या मंडळाने आरोग्य शिबिर घेतलं, औषधं फुकट वाटली, त्यातली काही संध्याकाळी कचऱ्यात दिसली. नाममात्र का होईना, दहा-वीस रुपये घ्यावेत. माणसाचा स्वाभिमानही राहतो.

पाणंद

सडेतोड, राग अजिबात नाही. हा मुद्दा येणारच होता आणि तो प्रामाणिकपणेच मांडला जातो. पण यावर मोजूनमापून अभ्यास झालेले आहेत. केनियात शाळकरी मुलांना जंताच्या गोळ्या फुकट दिल्या जात. तिथे थोडीशी फी लावून पाहिली तर गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्क्यांनी घसरलं. तिथेच गरोदर बायकांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या देण्याचा दुसरा प्रयोग झाला. फुकट होत्या तेव्हा जवळपास सगळ्यांनी घेतल्या. साधारण ६० सेंट किंमत लावल्यावर घेणाऱ्या ४० टक्क्यांच्या आसपास उरल्या. आणि तुमच्या मुद्द्याशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे, फुकट घेतलेल्यांनी मच्छरदाणी कमी वापरली असं काही आढळलं नाही. किंमत लावून गरज नसलेले गळत नाहीत, ज्यांच्या गाठीला पैसा नाही ते गळतात.

शिबिरातली औषधं कचऱ्यात गेली यावरही बोलायला हवं. ती कसली होती? पाच दिवसांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि पुन्हा कोणी विचारायला येणार नाही, असं असेल तर लोकांनी ती टाकली यात मला नवल वाटत नाही. शिबिरात साखर वाढलेली निघाली, पुढे काय? ज्या शिबिराला पुढचा दवाखाना जोडलेला नाही, त्याचा खर्च मी तरी सत्पात्री दान म्हणणार नाही.

सडेतोड

हो, व्हिटॅमिनच्याच होत्या. केनियाचं मला नवीन आहे, वाचून बघतो. स्वाभिमानाचा मुद्दा मात्र सोडत नाही.

निशिगंध

स्वाभिमानाचं उत्तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने फार छान शोधलंय असं मला वाटतं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केलं. पैसे द्यायचे की नाही हे रुग्णाने ठरवायचं. डॉक्टर तेच, शस्त्रक्रिया तीच. फरक खोलीत आणि सोयींत. पैसे देणाऱ्यांच्या कमाईवर न देणाऱ्यांचा खर्च निघतो. कोणी कोणाचा दाखला मागत नाही.

आणि पाणंदच्या मूळ मुद्द्याला जोडून सांगते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत आहे असं खेड्यात जाऊन सांगितलं तरी सुरुवातीला फार थोडे लोक येत. मग त्यांनी कारण शोधलं. नेणार कोण, तिथे जेवायचं काय, परत कसं यायचं, यावर गाडी अडलेली होती. जाणं-येणं, राहणं, जेवण हे सगळं शस्त्रक्रियेतच धरलं तेव्हा माणसं यायला लागली.

मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. कॅन्सरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये विदर्भातला माणूस घरी जाऊन परत येऊ शकत नाही आणि मुंबईत खोलीही घेऊ शकत नाही. तो फूटपाथवर झोपतो, नाहीतर उपचार सोडतो. तिथे एक चटई आणि दोन वेळचं जेवण हा उपचाराचाच भाग आहे.

खडूफळा

हा धागा वाचून गप्प बसवेना. मी मराठवाड्यात, ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बरीच वर्षं शिकवलं. पाणंदताईंनी जे 'एकच रुपया' म्हटलंय ना, ते तिथे दर वर्षी डोळ्यांनी बघायचो.

दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. कारखाना बंद होईपर्यंत परत येणं नाही, म्हणजे मार्च-एप्रिल उजाडतो. वर्गातली निम्मी पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर बसून जातात. पोराला मागे ठेवायचं म्हटलं तर कोणाजवळ? आजी असेल तर आजीजवळ. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. पोरं गावातच राहतात, शाळेत येतात, जेवण मिळतं.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच. पोरगं गावात राहणार की फडावर जाणार हे ठरतं आजीच्या तब्येतीवर. आजी हिंडती-फिरती असेल तर पोरगं शाळेत. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं, गुडघे धरले, साखर वाढून पाय चिघळला, की आजीलाच कोणीतरी बघायला पाहिजे. मग पोरगी असली तर ती आजीचं करायला घरी राहते, आणि पोरगा असला तर आईबापाबरोबर फडावर जातो. पटावर दोघांचीही नावं असतात.

माझ्या वर्गात पाचवीला एक मुलगी होती, गणितात अतिशय तल्लख. ती हजेरीनंतर निघून जायची आणि मधल्या सुट्टीत परत यायची. विचारलं तर काही सांगेना. शेवटी तिच्या मैत्रिणीने सांगितलं, आजीला उठवून बाहेर नेऊन आणायला जाते. आजीला दिसत नव्हतं. पुढे एका संस्थेची गाडी गावात आली, आजीला नेलं, ऑपरेशन करून आणून सोडलं. त्या संस्थेच्या अहवालात ती नोंद 'मोतीबिंदू शस्त्रक्रिया' अशी गेली असेल. माझ्या लेखी ते शिक्षणाचं काम होतं.

म्हणून शाळा, दवाखाना आणि म्हाताऱ्यांचा सांभाळ हे एकाच संस्थेने करण्यात अर्थ आहे. वेगवेगळ्या संस्था असल्या तर निदान त्यांनी एकमेकींशी बोललं पाहिजे.

गोदाकाठ

खडूफळा सर, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून लिहा ही विनंती.

दवबिंदू

गुरुजी, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला केरळचं उदाहरण जोडते. मी परिचारिका आहे, परिहार सेवेचं, म्हणजे पॅलिएटिव्हचं (गंभीर आजारात रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करण्याचं) प्रशिक्षण घेतलंय. १९९३ मध्ये कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात काही डॉक्टरांनी कॅन्सरच्या रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी एक छोटं केंद्र सुरू केलं. लवकरच लक्षात आलं की असे रुग्ण दवाखान्यात येऊच शकत नाहीत, त्यांच्या घरी गेलं पाहिजे. घरी गेल्यावर दिसलं की मॉर्फिनने दुखणं थांबतं, पण घरात तांदूळ नसतो आणि कर्ता माणूस अंथरुणाला खिळल्यामुळे मुलांची शाळा सुटलेली असते. मग गल्लीतले, गावातले लोक स्वयंसेवक म्हणून तयार केले गेले. कोणी रेशन पोचवतो, कोणी मुलांची फी भरतो, कोणी नुसतं जाऊन बसतं. परिचारिका ठरलेल्या दिवशी येते. २००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण आणलं आणि पंचायतींना त्यात घेतलं.

मी स्वतः घरभेटी करते तेव्हा पिशवीत जखमेचं ड्रेसिंग, लघवीची नळी आणि मॉर्फिनच्या गोळ्यांची नोंदवही असते. पण घरात शिरल्यावर माझी नजर आधी चुलीकडे जाते. चूल पेटलेली नसली तर त्या दिवशी बोलणं औषधापासून सुरू होत नाही.

रानवारा

आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून केलेलं काम याच वाटेचं आहे ना? डॉक्टरने गावात जाण्याऐवजी गावातल्याच बाईला तयार करायचं. त्यांच्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. बाळाचं वजन, जुलाबावर साखर-मिठाचं पाणी, सुरक्षित बाळंतपण हे सगळं त्या शिकल्या आणि गावाने त्यांच्या हातचं घेतलं.

दवबिंदू

हो, अगदी बरोबर. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने त्याचा आकड्यांत पुरावा दिला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळांची काळजी शिकवली, घरी जाऊन बाळ तपासायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायचं. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या घरभेटी त्यातूनच आल्या. बाळंतिणीला चार दिवसांच्या बाळासह तालुक्याला नेणं परवडणारच नव्हतं, म्हणून उपचार घरात गेले. पाणंदच्या भाषेत सांगायचं तर बुडणारी रोजी वाचवली.

शोधग्रामचा, म्हणजे 'सर्च'च्या वसाहतीतला दवाखानाही बघण्यासारखा आहे. लोकांना मोठ्या इमारतीची धास्ती वाटते हे समजून घेऊन तो गोंडी गावासारखा बांधलाय. रुग्णाबरोबर घरचे राहू शकतात.

ताळेबंद

उशिरा आलो. पाणंद यांनी 'कशी पारखता' असं विचारलंय, तर मी हिशेबाच्या बाजूने लिहितो. धर्मादाय संस्थांचे ऑडिट हा माझा रोजचा धंदा.

कागद बघायला सोपे आहेत. न्यासाचा नोंदणी क्रमांक, परिशिष्टाचा उतारा, ज्यावर विश्वस्तांची आणि मालमत्तेची नोंद असते. गेल्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल. '८०जी'चं, म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारं प्रमाणपत्र. देणगीनंतर नुसती पावती नव्हे, १०बीई नावाचं प्रमाणपत्र मिळतं का ते विचारा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करात वजावट नाही. कपडे, धान्य अशा वस्तूंनाही नाही. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर वजावटीचा प्रश्नच नाही, तेव्हा कर वाचवायला देत असाल तर आधी ते बघून घ्या.

हे झालं सोपं. ज्यावर मला खरंच बोलायचं आहे ते वेगळं आहे. 'तुमच्या देणगीतला प्रत्येक रुपया थेट गरिबापर्यंत' अशी जाहिरात दिसली की मी सावध होतो. मग तिथल्या शिक्षिकेचा पगार कोण देतो? गाडीचं डिझेल? देणगीदारांना 'प्रशासकीय खर्च' हा शब्द आवडत नाही, म्हणून संस्था तो दडवतात किंवा माणसांना अर्ध्या पगारावर राबवतात. पण दवाखान्यात परिचारिकेचा पगार हाच दवाखाना आहे. परदेशी देणग्यांचा कायदा सगळ्यांत कडक, २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पण त्याच कायद्याच्या नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. सरकारला कळतं ते देणगीदारालाही कळायला हवं.

मी ताळेबंदात दोन ओळी आधी बघतो. एक, प्रवासखर्च. तो कोणाचा आहे? विश्वस्तांच्या दौऱ्यांचा की रुग्णांच्या येण्याजाण्याचा? रुग्ण प्रवास असं वेगळं खातं असलेली संस्था भेटली की मी खुर्चीत नीट बसतो. दोन, पगार. वर्षानुवर्षं तेच कर्मचारी आहेत का, त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का. गरिबांची सेवा करणारी संस्था आपल्याच आयाबाईला गरीब ठेवत असेल तर तिथे थांबून प्रश्न विचारले पाहिजेत.

निशिगंध

ताळेबंद, टाळ्या. ते आयाबाईचं तर शंभर टक्के.

यातच एक विषय काढते. मुलांच्या आश्रमात जाऊन वाढदिवस साजरा करणं. हेतू चांगला असतो, पण मी एका बालगृहात शिकवायला जायचे तिथे शनिवार-रविवार एकामागून एक केक कापले जायचे. मुलांनी ओळीत उभं राहून अनोळखी मुलाला 'हॅपी बर्थडे' म्हणायचं, मग फोटो. अभ्यासाची वेळ जायची, आणि केक ज्याचा कापला जातोय तो आईबापाचा हात धरून उभा असायचा. त्या वेळी मुलांच्या तोंडाकडे बघवत नसे.

सडेतोड

पण त्या निमित्ताने लोक जोडले जातात ना? वृद्धाश्रमात आम्ही दिवाळीला जातो तेव्हा आजी-आजोबा वाट बघत असतात.

निशिगंध

वृद्धाश्रमाचं मान्य. मोठी माणसं 'आज नको' म्हणू शकतात, आणि त्यांना खरंच माणसं हवी असतात. जरूर जा, दिवाळी सोडून आषाढातही जा. मुलांना नकार देता येत नाही. शिवाय बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे. फोटो समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांना हे माहीतच नसतं. आणि २०१५ च्या या कायद्याखाली प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. मूल संस्थेत आलं की २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. 'आम्ही रस्त्यावरची मुलं सांभाळतो' म्हणणाऱ्याला नोंदणी आणि समितीचे आदेश विचारा. खरं काम करणारा माणूस कपाट उघडून फाइल दाखवतो.

सडेतोड

फोटोंचं लक्षात आलं. मंडळाच्या पानावर जुने आहेत, आजच काढायला सांगतो.

खडूफळा

वाढदिवसाचेच पैसे द्यायचे तर वसतिगृहाच्या अधीक्षिकेला विचारावं, या महिन्यात काय अडलंय. बहुतेकदा उत्तर मिळेल सॅनिटरी पॅड, खरजेचं मलम, नाहीतर पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती. केक कधीच नाही मिळणार.

पाणंद

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा आमची बैठक झाली, तिथे हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. काय ठरलं ते लिहिते.

इमारतीला, संगणकाला, शिबिराला पैसे द्यायचे नाहीत. ते देणारे बरेच असतात, कारण तिथे नावाची पाटी लागते. एका छोट्या संस्थेला तीन वर्षं पैसे द्यायचे आणि ते कुठे वापरायचे ते तिनेच ठरवायचं. आमची एकच विनंती असेल, त्यातला काही भाग रुग्णांच्या येण्याजाण्याला आणि परिचारिकेच्या पगाराला जावा. आजींच्या गोळ्यांचं त्या दवाखान्यात बोलले. रक्तदाब स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला डॉक्टर तयार आहेत, मधल्या काळात आशाताई घरी जाऊन दाब तपासतील. अडचण होती ती एकदम जास्त साठा घ्यायला लागणाऱ्या पैशांची, आणि तो खर्च खरं तर फार मोठा नाही.

एक प्रश्न उरतो. पैसे दरमहा द्यावेत की वर्षाचे एकदम?

ताळेबंद

दरमहा. बँकेत स्थायी सूचना देऊन टाका. देणग्या येतात दिवाळीत आणि मार्चअखेरीस. पगार, डिझेल आणि किराणा मात्र जुलैतही लागतो. पावसाळ्यात बऱ्याच छोट्या संस्था उसनवारीवर चालतात, आणि नेमके तेव्हाच दवाखान्यात रुग्ण जास्त असतात. साठ्यासाठी लागणारी पहिली रक्कम तेवढी एकरकमी द्या. आणि पावतीवर 'कॉर्पस' असं लिहून घेऊ नका. तसं लिहिलं की ती रक्कम मूळ निधीत जाते आणि त्यातून गोळ्या घेता येत नाहीत. 'सर्वसाधारण देणगी' लिहायला सांगा.

पाणंद

हे माहीत नव्हतं. उद्याच त्यांच्या लेखनिकाशी बोलते.

ओसरी

पाणंद, ती संस्था कोणत्या जिल्ह्यात आहे ते व्यक्तिगत निरोपात कळवा. तिथल्या धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाशी ओळख करून देते. पुढच्या उपचारांना माणसं पाठवावी लागतीलच. दाखल्याचा नमुना आणि कागदांची यादीही पाठवते, दवाखान्याच्या भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे गावातून निघतानाच बरोबर कागद हातात असतील.